मेहेरसाहेब गाडी बघायला जातात

माणसं गाडी बघायला गेली की पुढून बघतात. दिवे, काच, मग दार उघडून आतली गादी दाबून बघायची, असा सगळ्यांचा क्रम. मेहेरसाहेब सरळ मागे जायचे. पँट गुडघ्याशी जरा वर ओढून उकिडवे बसायचे, धुराच्या नळीत बोट घालायचे, ते बोट उजेडात धरायचे आणि ज्याची गाडी असेल त्याला अगदी अदबीने म्हणायचे, "जरा चालू करता का? मी हितंच बसतो."

इंजिन सुरू झालं की खिशातून पांढरा हातरुमाल निघायचा. तो नळीच्या तोंडावर धरून साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहायचे. बरोबर दोन मिनिटं. मग त्या रुमालाची घडी घालून त्यावर पेनाने तारीख आणि गाव लिहायचे. गाडीचा मालक हे सगळं बघत असायचा आणि मी त्या मालकाकडे बघायचं टाळायची. असे अकरा रुमाल त्यांनी जमवले. त्यांची बायको, आमच्या हिरावहिनी, म्हणायच्या, "माज्या घरातले रुमाल संपले, गाडी काय आली नाय."

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, कामाला लागले तेव्हा साहेबांना तिथे आठ-नऊ वर्षं झाली होती. ते समुद्रकाठच्या मुरब्याचे. घरात सगळे मासेमारी करणारे; हे गावातले पहिले बी.एस्सी. सत्तरच्या दशकात इथे माळरानावर शेड उभ्या राहत होत्या तेव्हापासून ते मुरब्याहून सायकलने कामावर यायचे. पुढे बोईसरात दोन खोल्या घेतल्या. माझी खोली त्यांच्या मागच्याच गल्लीत. कारखान्याचं सांडपाणी बाहेर सोडण्याआधी साफ करायचा एक विभाग असतो, त्याचे ते प्रमुख. प्रमुख म्हणजे ते स्वतः, दोन कामगार आणि एक पंप. साहेब झाले तरी बोली मुरब्याचीच राहिली. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना 'तुमी'. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण मला कधी नावाने हाक मारली नाही, 'राऊतबाई' म्हणायचे.

नाक विलक्षण. सकाळी गेटमधून आत येता येताच सांगायचे, आज पलीकडच्या शेडमध्ये काय उकळतंय. मी एकदा म्हटलं, "साहेब, तुम्हाला उपकरणं कशाला लागतात?" तर म्हणाले, "नाक खोटं बोलत नाय, राऊतबाई. पन नाक मोजत पन नाय."

आणखी एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असायचं: "थांबा, एक बाजू राहिली." काहीही ठरत आलं, सह्या व्हायची वेळ आली, की साहेब पेन हवेत धरून हे म्हणणार. प्रयोगशाळेसाठी बाटल्या मागवायच्या असोत की सहलीला केळव्याला जायचं की डहाणूला हे असो. लोक वैतागायचे. मला तेव्हा वाटायचं की हा माणूस घाबरट आहे.

तसा तो नव्हता, हे एका दुपारी कळलं. सांडपाण्याची टाकी काठोकाठ भरली होती. पाणी अजून आंबट होतं, त्यात चुना घालून ढवळायचं काम चाललं होतं. उत्पादन विभागाचे साहेब धावत आले. टाकी रिकामी केली नाही तर वरचं सगळं बंद ठेवावं लागणार होतं. ते म्हणाले, "मेहेर, सोडून द्या पाणी. नाल्यात जाऊन मिसळतंच ना."

मेहेरसाहेबांनी काही वाद घातला नाही. त्यांनी आपला डबा आणला, पाणी सोडायच्या व्हॉल्व्हचं ते लोखंडी चाक असतं ना आडवं, त्याच्यावर बसले आणि डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी.

"हे काय चाललंय?"

"जेवनाची सुट्टी हाय, साहेब. जेवलो की उठतो."

एक भाकरी त्यांनी सव्वा तास खाल्ली. उत्पादनाचे साहेब ओरडून ओरडून थकले आणि निघून गेले. कामगारांनी चुना ढवळून पूर्ण केला, मी पट्टी बुडवून बघितली, ती हवी त्या रंगाची झाली, तेव्हा साहेब हात धुऊन उठले आणि चाक फिरवलं.

ही गोष्ट मी कौतुकाने सगळ्यांना सांगत असे. एकदा मुरब्याला त्यांच्या पुतणीच्या लग्नात सांगितली. तिथे त्यांचे चुलते बसले होते, आयुष्यभर होडी वल्हवलेले, जाळी टाकलेले. ते माझं ऐकून घेऊन साहेबांना म्हणाले, "दामू, तू बसलास त्या चाकावर, चांगला केलास. मग आमच्या जाल्यान काळा पाणी कोन सोडते?"

साहेब खाली बघत राहिले. परतताना मी चिडून म्हटलं, "तुम्ही सांगायचं ना, आपलं पाणी स्वच्छ जातं म्हणून." ते म्हणाले, "नाला एकच हाय, राऊतबाई. त्यात कुनाचं काय, मला कुठं माहीत? आनि आपल्या चाकावर तरी रोज मीच बसतो का?"

आता हिरावहिनी. उंच, हाडापेराने मोठी बाई, हसायला लागली की पुढच्या गल्लीत ऐकू जाई. बोईसरात आल्यावर चार-पाच वर्षांत त्यांचा खोकला सुरू झाला, मग धाप, मग डॉक्टरांनी दमा म्हणून सांगितलं. घरात कुणाला नव्हता. हवेमुळे की आणखी कशामुळे, डॉक्टर नक्की काही सांगेनात. साहेबांनी सरळ स्वतःवर घेतलं. "मी हिला हितं आनली," एवढंच म्हणायचे.

बोईसरहून पालघरला जायचं तर एसटी, नाहीतर त्या सहा आसनी डिझेलच्या रिक्षा. सहा आसनी फक्त नावाला, माणसं बारा. एका सकाळी वहिनींना त्रास सुरू झाला म्हणून साहेब त्यांना अशाच रिक्षेतून पालघरला डॉक्टरांकडे घेऊन निघाले. रिक्षेचा धूर मागच्या फाटक्या पडद्यातून आत येत होता. उमरोळीच्या पुढे वहिनींचे ओठ काळे पडले. साहेबांनी रिक्षा थांबवून त्यांना उतरवलं आणि रस्त्याकडेच्या चिंचेखाली बसवलं. मागून आलेली दुसरी रिक्षा पहिलीपेक्षा जास्त धूर सोडणारी. तिला त्यांनी हात केला नाही. तिसरीलाही नाही. शेवटी एसटी आली.

डॉक्टरांनी त्या दिवशी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"राऊतबाई, डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. हिला वेळेवर आना आनि हिला धुरापासून लांब ठेवा. आता गाडी असल्याशिवाय वेळेवर येता येत नाय. आनि गाडी म्हंजेच धूर. यातली पहिली कुठली धरायची?"

मी म्हटलं, "गाडी घेऊन टाका साहेब."

"कुठली?"

"चांगली बघून घ्या."

"चांगली म्हंजे?"

तेव्हा कुणी गाडी घ्यायची म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारायचे, किती जाते आणि किती टिकते. ते पुढे म्हणाले, "थांबा, एक बाजू राहिली. ही आत बसेल, काचा बंद, तिला काय होनार नाय. पन ती गाडी ज्या दारावरून जाईल त्या दारात पन कुनी अशीच बसलेली असेल तर?"

हा प्रश्न तोपर्यंत बोईसरात कुणी विचारला नव्हता. मी तर नव्हताच विचारला. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं, लोकांना गाडी मिळाली तरी पुष्कळ होतं.

मग शोध सुरू झाला आणि त्याबरोबर गोंधळही. स्टेशनजवळ गाड्या दुरुस्त करणारे यादव म्हणून एक मिस्त्री होते. साहेब संध्याकाळी त्यांच्या गॅरेजात जाऊन बसू लागले. यादवांनी त्यांना धुराची अक्षरओळख करून दिली. "साहब, काला धुआँ मतलब तेल ज़्यादा जा रहा है। नीला मतलब इंजन अपना ही ऑइल पी रहा है, उसको छोड़ दो। सफ़ेद है तो पानी है, सुबह-सुबह थोड़ा चलता है।" साहेब हे वहीत उतरवून घ्यायचे. टायरमध्ये हवा कमी असली की गाडी जास्त तेल खाते, कार्बोरेटर वेळच्या वेळी जुळवून घेतला की धूर निम्मा होतो, मोठ्या इंजिनाची गाडी एकट्या माणसाने फिरवणं म्हणजे एका बांगड्यासाठी मोठी होडी काढण्यासारखं. हे शेवटचं साहेबांनी स्वतःचं घातलेलं.

बेटेगावला एक निवृत्त कंत्राटदार होते, चौधरी नावाचे. त्यांच्याकडे दोन गाड्या विकायला होत्या म्हणून आम्ही तिघं गेलो. वहिनी हट्टाने सोबत आल्या. आधी डिझेलची जीप. तिचा रुमाल तव्याच्या बुडासारखा निघाला. चौधरी म्हणाले, "पण एका लिटरला केवढी जाते बघा. कमी तेल, म्हणजे कमीच धूर की."

साहेबांनी पेन हवेत धरलं. म्हणण्यात तथ्य होतं.

मग दुसरी, छोटी पेट्रोलची, सहा वर्षं जुनी, पांढरी. दोन मिनिटांनी रुमालावर नुसती पिवळट छटा. मला वाटलं, झालं काम. साहेब मात्र रुमाल उलटसुलट करून बघत राहिले आणि त्यांचा चेहरा पडत गेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"पेट्रोलमध्ये शिसं असतं, राऊतबाई. इंजिन खडखडू नये म्हनून घालतात. ते धुरातून बाहेर पडतं. पोरांच्या डोक्याला वाईट. पन ते रुमालावर दिसत नाय."

"मग?"

"मग हा रुमाल पांढरा म्हंजे काय समजायचं? आनि मी दहा रुमाल कशाला काळे केले?"

चौधरी ओसरीवरून हे सगळं बघत होते. ते म्हणाले, "साहेब, तुमाला गाडी घ्यायचीय का सोयरीक जमवायचीय?" त्यावर वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि ठसक्याची धाप झाली, आणि आम्ही चहा न घेताच परतलो.

मुंबईत तेव्हा शिसं नसलेलं पेट्रोल मिळायला लागलं होतं, आणि नव्या गाड्यांच्या धुराच्या नळीत धूर साफ करणारं एक उपकरण बसवून येत होतं. साहेबांनी हे वर्तमानपत्रात वाचलं आणि एखाद्या मुलाला बक्षीस मिळावं तसे ते माझ्याकडे कात्रण घेऊन आले. मला मुंबईत एका चुलतबहिणीकडे जायचंच होतं, त्या दिवशी आम्ही दोघं एका शोरूममध्ये गेलो. काचेच्या भिंती, गार हवा, आणि मध्ये चकचकीत लाल गाडी. टाय लावलेला एक तरुण पुढे आला. साहेब मागे जाऊन उकिडवे बसले.

"सर, ही एकदम ग्रीन गाडी आहे," तो तरुण म्हणाला.

साहेबांनी वर बघितलं, लाल गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हळूच म्हटलं, "स्वच्छ, असं म्हणायचंय त्यांना."

"हां. बरं, मला सांगा, चुकून शिशाचं पेट्रोल भरलं तर त्या उपकरनाचं काय होतं?"

"ते भरायचं नाही, सर."

"बरोबर. पन भरलं तर?"

"खराब होतं."

"किती टाक्यांत?"

तरुणाने आत जाऊन कुणाला तरी विचारलं. परत येऊन म्हणाला, "लवकर."

"आनि खराब झालं की?"

"मग ती साध्या गाडीसारखी चालते सर. काही प्रॉब्लेम नाही."

"थंड हवेच्या यंत्रात कुठला वायू हाय? तो गळला तर वर जाऊन ओझोन खातो तो, का दुसरा?"

तरुणाने आमच्या हातात रंगीत पत्रक दिलं. साहेबांनी शेवटचा प्रश्न विचारला. "पालघरला शिसं नसलेलं पेट्रोल मिळतं का?"

"मिळेल सर. येणारच आहे."

दुसऱ्याच रविवारी ते मला आणि वहिनींना एसटीने मनोरला घेऊन गेले. मनोर हायवेवर आहे, मुंबई-अहमदाबाद सगळी वाहतूक तिथून जाते. नवी वस्तू तिथे आधी पोचणार असा त्यांचा हिशोब. पंपावरच्या माणसाला विचारलं. तो आदिवासी पाड्यावरचा, साधा माणूस. त्याने आमच्याकडे बघून शांतपणे सांगितलं, "एकच पेट्रोल हाय, दादा. बिनशिशाचा काय तो नाय आला. कवा येल सांगता नाय येत."

साहेब पंपाच्या कट्ट्यावर बसले. समोरून ट्रक जात होते, एकामागून एक, गुजरातकडे. ते बोटं मोजत म्हणाले, "म्हंजे सगळ्यात स्वच्छ गाडी घेतली तर ती हितं येऊन घान होनार. ती स्वच्छ ठेवायची तर पेट्रोल भरायला दर वेळी मुंबईला जायचं. जाऊन येऊन दोनशे किलोमीटरचा धूर. डिझेल घेतलं तर काळं. जुनी पेट्रोलची घेतली तर शिसं. नवी घेतली तर ती बनवायला कुठंतरी कारखाना चालनार, आनि कारखान्याचं मला माहीत हाय. काहीच नाय घेतलं तर..." त्यांनी वहिनींकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं.

वहिनी पदराने नाक-तोंड झाकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अवो, तुमचा ठरेपर्यंत मी श्वास घेऊ का थांबू?"

त्या बोलल्या चेष्टेत. साहेबांनी ते चेष्टेत घेतलं नाही. त्याच आठवड्यात बेटेगावची छोटी पांढरी गाडी त्यांच्या दारात आली.

ती गाडी घेऊन आपण काही चुकीचंच केलं आहे असं धरून ते वागायचे. दर रविवारी टायरची हवा बघायची, दर पंधरा दिवसांनी यादवांकडून कार्बोरेटर. एकट्याने कधी बसायचं नाही. डॉक्टरांकडे निघाले की गल्लीत विचारून येणार, कुणाला पालघरला काम आहे का. कारखान्यात मात्र सायकलनेच. गाडी दारात आणि साहेब सायकलवर, याची चेष्टा होई. आणि गाडी कुठेही अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबली की इंजिन बंद. रेल्वेच्या फाटकावर तर हटकून. मागच्या गाड्या हॉर्न देत, साहेब खिडकीतून हात बाहेर काढून म्हणत, "फाटक बंद हाय, मी चालू ठेवून कुठं जानार?"

थंडीचे दिवस होते. सकाळी साडेआठच्या सुमाराला साहेबांनी माझं दार वाजवलं. वहिनींना श्वास घेता येत नव्हता. मी मागच्या सीटवर त्यांना धरून बसले आणि आम्ही निघालो. फाटकापाशी आलो तर ते नुकतंच पडत होतं. पुढे एक ट्रक, शेजारी दोन सहा आसनी रिक्षा, मागे कुठल्यातरी कंपनीची बस. साहेबांनी सवयीने इंजिन बंद केलं.

बाकीची सगळी चालूच होती. थंडीमुळे धूर वर जात नव्हता, जमिनीलगत साचून राहिला होता. मी काचा वर केल्या तरी तो आत येत होता. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. मी म्हटलं, "साहेब, काहीतरी करा."

साहेब दार उघडून खाली उतरले. मला वाटलं फाटकवाल्याकडे जातायत. ते ट्रकजवळ गेले. हात जोडले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण ड्रायव्हरने वाकून आमच्या गाडीकडे बघितलं आणि ट्रक बंद केला. मग पहिली रिक्षा. तिचा ड्रायव्हर मान हलवत होता; त्याचं मला ऐकू आलं. "बैटरी कमज़ोर है साहब, बंद की तो चालू नहीं होगी।" साहेब म्हणाले, "मैं धक्का दूँगा। ज़बान देता हूँ।" त्याने बंद केली. दुसरीने बंद केली. मग ते मागे बसकडे धावले. पन्नाशीतला माणूस, ढगळ स्वेटर घातलेला, रांगेतल्या एकेका गाडीपाशी हात जोडत चालला होता. माणसं खिडक्यांतून डोकी काढून बघत होती.

सगळ्यात शेवटी बस बंद झाली आणि फाटकावर शांतता पसरली. इतकी की वहिनींच्या छातीतली शिट्टी मला स्पष्ट ऐकू आली. त्यांची मान माझ्या खांद्यावर होती. धूर हळूहळू विरला. मालगाडी आली, लांबलचक, ती जाईपर्यंत वहिनींची पकड जराशी सैल झाली. झाली असं मला वाटलं. मी आज शपथेवर सांगू शकत नाही.

फाटक उघडलं. पुढचा ट्रक सुरू होऊन रूळ ओलांडून गेला. साहेबांनी चावी फिरवली. इंजिन घरघरलं आणि थांबलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. शेजारची ती कमजोर बॅटरीची रिक्षाही सुरू होईना. मागच्या बाजूने, ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनी, हॉर्न वाजवायला सुरुवात केली. साहेब चावी फिरवतच राहिले. "बंद करायला नको होती," ते म्हणत होते, "नको होती बंद करायला."

त्या रिक्षेत बाजाराला निघालेल्या मासेवाल्या बसल्या होत्या. चार-पाच जणी पाट्या आतच ठेवून खाली उतरल्या. एकजण ओरडली, "गिअरन टाक, दादा!" आणि त्यांनी आमच्या गाडीला धक्का दिला. ट्रकचा क्लीनर पलीकडून धावत येऊन मिळाला. गाडी रुळांवरून उड्या मारत पलीकडे गेली आणि धाडकन सुरू झाली.

आणि मग साहेबांनी ब्रेक लावला. दार उघडून एक पाय खाली ठेवला. ते मागे बघत होते, रुळांपलीकडे बंद पडलेल्या रिक्षेकडे. तिला धक्का द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. तो क्षण किती लांबला सांगता येत नाही. मी ओरडले असेन. मासेवाल्या हात हलवून सांगत होत्या, "तू जा! आमी हाव, तू जा!" साहेब तरी तसेच, अर्धे आत, अर्धे बाहेर. वहिनींना बोलायला श्वास नव्हता. त्यांनी पुढच्या सीटच्या पाठीवर पंजा आपटला. एकदा, दोनदा. साहेबांनी दार ओढून घेतलं.

वहिनी वाचल्या. प्राणवायू लावला, तीन दिवसांनी घरी आल्या. मी डॉक्टरांना सगळं सांगून विचारलं, इंजिनं बंद केली त्याचा उपयोग झाला का, का गाडी बंद पडून गेलेली ती मिनिटंच महागात पडली असती? डॉक्टर म्हणाले, "खरं सांगू? सांगता येत नाही."

साहेबांना हे उत्तर पुरलं नाही. पुढे कित्येक महिने ते प्रयोगशाळेत येऊन, हातात काचेची नळी धरून मध्येच विचारायचे, "राऊतबाई, बंद केली ते बरोबर का चूक?" मी कधी बरोबर म्हणायची, कधी चूक. दोन्ही वेळा ते मान हलवायचे. त्या रिक्षावाल्याला त्यांनी शोधून काढलं आणि माफी मागितली. तो बिचारा ते विसरूनही गेला होता. फाटकावर काही दिवस दोघं-तिघं आपणहून इंजिन बंद करत असत. मग तेही थांबलं.

वर्षभरात साहेबांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि दोघं मुरब्याला राहायला गेली. मी विचारलं, "तिथे हवा चांगली, पण डॉक्टर आणखी लांब. मग फायदा काय?" ते म्हणाले, "तेच तर." आणि सामान बांधत राहिले.

गाडीचंही त्यांना ठरवता येत नव्हतं. विकली तर घेणारा ती दुप्पट फिरवणार. मोडीत दिली तर वहिनींसाठी नवी घ्यावी लागणार. शेवटी ती मुरब्यात घरापाशी माडाच्या झापांच्या छपराखाली राहिली. गावात कुणी बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, की माणसं साहेबांच्या दारात यायची आणि ती छोटी गाडी पालघरला निघायची. चुलते मात्र शेवटपर्यंत तिच्यात बसले नाहीत. आजारी पडले तेव्हा बैलगाडी मागवली. साहेब त्यांच्यासोबत बैलगाडीत बसून गेले.

पुढे मी नोकरी बदलली, जाणं-येणं कमी झालं. दहाएक वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला गाडी घ्यायची होती. हल्लीच्या मुलांप्रमाणे त्याला निसर्गाला त्रास न देणारी हवी होती, त्याने मला विचारलं, "मावशी, काय बघायचं असतं?" मी बोलायला सुरुवात केली. टायर, इंजिनाचा आकार, तुमच्या गावात कुठलं इंधन मिळतं, दुरुस्ती करणारा जवळ आहे का, रोज किती माणसं बसणार, आणि मुळात हवीच आहे का. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "म्हणजे घेऊ का नको?"

साहेबांना मी शेवटचं पाहिलं ते मुरब्याच्या किनाऱ्यावर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका सहकाऱ्याच्या घरी साखरपुड्याला गेले होते. दुपार कलल्यावर एसटीला वेळ होता म्हणून सुरूच्या झाडांपर्यंत चालत गेले. ओहोटी होती. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते आणि त्यांच्या कडेने, पाण्याकाठी, दोघं चालत होती. वहिनी फार वाळल्या होत्या. शेजारी साहेब, हातात एक बुटकं लाकडी स्टूल.

वहिनी आठ-दहा पावलं चालायच्या आणि थांबायच्या. साहेब लगेच स्टूल वाळूत ठेवायचे, हाताने दाबून ते डगमगत नाही ना बघायचे, एक पाय जास्त रुतला तर उचलून पुन्हा नीट लावायचे. मग वहिनी बसायच्या. त्या समुद्राकडे बघायच्या. साहेब त्यांच्या पाठीशी उभे राहून, घाई न करता, वाट बघायचे. वहिनी उठल्या की स्टूल उचलून पायांची वाळू झटकायची आणि पुढे चालायचं.

मी हाक मारणार होते. ओठांवर आली होती. पण ती दोघं माझ्यापासून लांब जात होती आणि हाक मारली असती तर त्यांना एवढं सगळं अंतर परत यावं लागलं असतं. साहेब आलेच असते.

मी तिथेच उभी राहिले. वहिनी पुन्हा थांबल्या. साहेबांनी स्टूल ठेवलं, दाबून बघितलं. वहिनींनी बसायच्या आधी त्यांच्या दंडाला धरून त्यांनाच खाली बसवलं आणि आपण त्यांच्या खांद्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.